हयातीचा दाखला

मराठीत ‘करमणे’ नावाचं एक क्रियापद आहे. शब्द साधा, घरगुती. लेक सासरी गेली की आईला करमत नाही. सुट्टी संपवून नातवंडं परतली की आजोबांना करमत नाही. आमच्या अहमदपूर भागात हाच शब्द ‘करमंना झालंय’ असा येतो. मोंढ्यातल्या आडतीच्या ओट्यावर किंवा एसटी स्टँडच्या बाकड्यावर बसलेल्या एखाद्या सत्तरीतल्या माणसाला ‘काय मामा, बरं हाय का?’ असं विचारा. ‘बरं हाय की’ हे उत्तर तयारच असतं. तुम्ही लगेच उठलात तर तेवढंच घेऊन जाल. पाच मिनिटं टेकलात, पावसापाण्याचं आणि सोयाबीनच्या भावाचं बोलून झालं, की मग दुसरं उत्तर येतं. ‘बरं हाय, पर करमंना झालंय बगा.’

या वाक्याचं व्याकरण मोठं शहाणं आहे. ‘मी करमत नाही’ असं कुणी म्हणत नाही. ‘मला करमत नाही’ असंच म्हणावं लागतं. मला ताप आला, मला झोप लागत नाही, त्याच ओळीतलं हे. म्हणजे ही गोष्ट माणूस करत नाही, ती माणसाला होते. ताप आलेल्याला ‘ताप आणू नका’ असं आपण सांगत नाही. न करमणाऱ्या म्हाताऱ्याला मात्र ‘मनाला लावून घेऊ नका, देवाचं नाव घ्या’ असं सांगून मोकळे होतो.

सगळंच न करमणं म्हणजे आजार नव्हे, हे आधी सांगायला हवं. पन्नास वर्षांचा जोडीदार गेला तर माणूस रडणार, एकटं वाटणार. पण त्या दुःखाला भरती-ओहोटी असते. मध्येच नातवाच्या बोलण्यावर हसू येतं, एखाद्या दिवशी जेवण गोड लागतं. आजारात ही ओहोटी येतच नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, मन बसलेलं राहतं किंवा आवडत्या गोष्टीतला रस पार आटतो. पहाटे तीनलाच जाग येते. अन्न जात नाही, अंगात त्राण राहत नाही, आपण इतरांवर ओझं आहोत हा विचार डोक्यातून हलत नाही. डॉक्टर याला डिप्रेशन म्हणतात. मराठीत ‘नैराश्य’ हा शब्द रूढ झाला आहे. तो थोडा फसवा आहे, कारण त्यात आशाभंग सुचतो आणि ऐकणारा लगेच ‘कशाची आशा भंगली?’ असं कारण शोधू लागतो. कधी कारण असतं, कधी नसतं. मधुमेहाला आपण असं कारण विचारत बसत नाही.

हा आजार जगभरचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्या दर शंभर माणसांत पाच-सहा जण नैराश्याने आजारी असतात. २०२० साली जगात साठीपुढची माणसं सुमारे १०० कोटी होती. २०३० पर्यंत ती १४० कोटींवर जातील, म्हणजे दर सहा माणसांत एक. याच संघटनेने २०१४ साली आत्महत्यांवरचा जागतिक अहवाल काढला, तेव्हा जगाच्या जवळजवळ सर्व भागांत आत्महत्येचं प्रमाण सत्तरीपुढच्या वयात सर्वाधिक असल्याचं त्यात नोंदवलं होतं. आपल्या मनात आत्महत्या म्हटलं की कर्जबाजारी तरुण शेतकरी किंवा परीक्षेत नापास झालेलं पोर येतं. म्हातारा माणूस ‘देव नेईना, यमाला आमचा पत्ता सापडंना’ म्हणतो, तेव्हा आपण ते बोलण्याची पद्धत म्हणून सोडून देतो.

आपल्या देशापुरतं बोलायचं तर एक चांगली मोजणी हाताशी आहे. मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर घरोघर जाऊन पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली. त्यांत साठीपुढचे ३१ हजारांवर होते. पाहणी करणाऱ्यांनी नैराश्याबद्दल दोन प्रकारे विचारलं. एक सरळ प्रश्न होता : तुम्हाला हा आजार असल्याचं डॉक्टरांनी कधी सांगितलं आहे का? ‘हो’ म्हणणारे वृद्ध निघाले ०.८ टक्के. दुसऱ्या प्रकारात लक्षणं एकेक करून विचारली आणि त्यावरून आजार ओळखला. तेव्हा आकडा निघाला ८.३ टक्के, म्हणजे दहापट. आजाराचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत, शहरापेक्षा खेड्यात जास्त दिसलं. एकट्या राहणाऱ्यांत आणि वैधव्य आलेल्यांत तर आणखी.

आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला या दोन आकड्यांतला फरक वहीखात्यासारखा दिसतो. गोदामात दहा पोती आणि रजिस्टरात नोंद एका पोत्याची. बाकीची नऊ गेली कुठे? नऊ माणसं आजारी आहेत, घरात आहेत, जेवायला बसतात, लग्नाकार्यात अक्षता टाकतात, आणि त्यांच्या आजाराला नाव नाही. हा लेख त्या नऊ जणांविषयी आहे.

पहिलं कारण, ते स्वतःच सांगत नाहीत. आज पंच्याहत्तरीत असलेली माणसं १९७२ च्या दुष्काळात विशी-बाविशीत होती. त्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, पाझर तलावाच्या कामावर पाटी उचलली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तेही त्यांनी पाहिलं. पोट भरलेल्या माणसाने मनाची तक्रार करणं त्यांना चोचले वाटतात. म्हणून मनाचं दुखणं शरीराच्या बोलीत बाहेर येतं. ‘छातीत धडधडतंय’, ‘पोटात आग पडलीय’, ‘अंगात कसर आहे’, ‘टकुरं जड झालंय’. गावातला डॉक्टर सलाईन लावतो, गॅसची गोळी देतो, दोन दिवस बरं वाटतं. बरं का वाटतं? सलाईन संपेपर्यंत तासभर कुणीतरी उशाशी बसलेलं असतं, हेही एक कारण असेल.

दुसरं कारण वयाचं. ‘आता वयच झालं’ या तीन शब्दांत आपण कितीतरी गोष्टी गाडतो. विसरणं, गप्प बसणं, अंघोळीचा कंटाळा, सगळं वयावर जातं. वास्तविक बहुसंख्य वृद्धांना नैराश्य नसतं; म्हणजे तो वयाचा धर्म नव्हे. कधी थायरॉइड बिघडलेला असतो, कधी ब-१२ जीवनसत्त्व कमी असतं, कधी एखाद्या औषधाचा परिणाम असतो, कधी ऐकू येईनासं झाल्यामुळे माणूस चारचौघांतून उठलेला असतो. स्मृतिभ्रंश म्हणून घरच्यांनी सोडून दिलेला विसराळूपणा मुळात नैराश्याचा निघतो आणि उपचाराने सुधारतो, असंही घडतं.

तिसरं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. म्हातारं माणूस खंगलं की आपण आजार शोधत नाही, गुन्हेगार शोधतो. मराठी रंगभूमीने वार्धक्याचं दुःख फार ताकदीने मांडलं. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७० साली आलं; जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ही घराघरांत पोचलं. आपण डोळे पुसले. पण ते पुसता पुसता एक हिशेबही मनात पक्का झाला : म्हातारा दुःखी, म्हणजे पोरं कृतघ्न. किंवा पोरं दूर गेलेली. नाटक म्हणून ते खरंच आहे, आणि कृतघ्न पोरं जगात कमी नाहीत. पण घरोघरी हाच हिशेब लावला की काय होतं? बापाला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेणं म्हणजे मुलाने आपल्याच विरुद्ध कबुली देणं होतं. भावकी काय म्हणेल, सोयरे काय म्हणतील? आणि बापही मुलाची अब्रू झाकायला ‘मला काय झालंय, बरा आहे की’ म्हणतो. दोघं एकमेकांना सांभाळतात, आणि मधल्या मध्ये आजार निवांत वाढतो.

याच्या उलट अनुभव आपल्याच जिल्ह्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. त्या आपत्तीत वाचलेल्या माणसांच्या मनावर काय परिणाम झाला याचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रकल्पातून झाला, आणि पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. मोहन आगाशे त्यात पुढे होते. ज्या भागात मनाचा डॉक्टर ही गोष्ट ऐकिवात नव्हती, तिथे माणसं आपल्या झोपेविषयी, भीतीविषयी परक्यांशी बोलली. कारण भूकंपात कुणी गुन्हेगार नव्हता. घर पडलं तसं मनही पडू शकतं, हे तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. भूकंप न होताही मन पडू शकतं, एवढंच आपण पुढे शिकलो नाही.

आणि जमीन न हलताही या भागातली घरं हललेली आहेत. अहमदपूर, जळकोट, कंधार, मुखेडच्या तांड्यांवरून दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी आणि लहान लेकरं राहतात. शिकलेली पोरं पुण्यात, चाकणला, हैदराबादला. लातूरला क्लास लावलेल्या नातवासाठी खोली करून राहणाऱ्या आज्या हा तर आमच्याकडचा खास प्रकार. दोन वर्षं ती आजी परक्या शहरात दहा बाय दहाच्या खोलीत दोन वेळचा स्वयंपाक करते. नातवाचा नंबर लागतो, पेढे वाटले जातात, नातू दूरच्या कॉलेजात जातो. आजी गावी येते तोवर तिची चूल सुनेने आपल्या पद्धतीने मांडलेली असते. यात वाईट कुणीच वागलेलं नाही. तरी आजीला करमत नाही.

बँकेत मी या भागातल्या शाखांतून बरीच वर्षं काढली. पेन्शनर लोकांना दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस जिवंत आहे याचा पुरावा. काठी टेकत, सुनेचा हात धरून, कुणी रिक्षातून आमच्या काउंटरवर येत. अंगठा, सही, शिक्का, झालं. शिक्का मारताना मला नेहमी वाटायचं, की हा कागद फक्त माणूस आहे एवढंच सांगतो. कसा आहे ते विचारायला या देशात एकही रकाना नाही. तरी त्या निमित्ताने माणसं एकमेकांना भेटत. ‘अरे, तू आहेस का अजून!’ असं म्हणून बाकड्यावर हसत. २०१४ पासून हा दाखला डिजिटल झाला, २०२१ पासून मोबाइलला चेहरा दाखवून घरबसल्याही देता येतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ही फार मोठी सोय आहे, तिला नाव ठेवणार नाही. पण धडधाकट माणसाची वर्षातली एक फेरी त्यात गेली.

एक निवृत्त गुरुजी आमच्या शाखेत जवळजवळ रोज पासबुक भरायला येत. खात्यात महिन्याला पेन्शन जमा होई, दोनदा पैसे निघत. बाकी नोंद काहीच नसे. तरी रोज येत, रांगेत उभे राहत, कारकुनाशी दोन शब्द बोलून जात. पुढे पासबुक छापायचं यंत्र दारात बसलं, रांग संपली आणि गुरुजी यायचे थांबले. नंतर कळलं, त्यांच्या पोटात आग पडत होती, वजन उतरत होतं. वर्षभर तपासण्या झाल्या, काहीच निघालं नाही. दोन मुलं पुण्यात, दोघंही रोज फोन करणारी, पैसे पाठवणारी. ओळखलं ते धाकट्या सुनेने. सुट्टीत आली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की चाळीस वर्षं पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस आता त्याची घडीही मोडत नाही. तिने लातूरच्या मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं, तेव्हा मुलगाच आडवा झाला. ‘लोक म्हणतील, बापाला वेड लागेपर्यंत हे काय करत होते?’ ती म्हणाली, ‘लोकांच्या तोंडाला मी उत्तर देते, तुम्ही गाडी काढा.’ औषध सुरू झालं. पहिले पंधरा-वीस दिवस काहीच फरक नव्हता, मुलगा औषध बंद करा म्हणत होता. दोन महिन्यांनी गुरुजींनी पेपर उघडला आणि अग्रलेखातली शुद्धलेखनाची चूक दाखवली. सुनेने ओळखलं, सासरे परत आले.

ही एका घराची गोष्ट झाली. पण दर गावात मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणायचा, हा प्रश्न खराच आहे. त्याचं एक उत्तर शेजारच्या गोव्यात सापडलं. तिथे डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठीपुढच्या १८१ जणांवर एक प्रयोग केला. ही माणसं आजाराच्या उंबरठ्यावर होती, पुरती आजारी नव्हती. अर्ध्यांना नेहमीची वैद्यकीय सेवा मिळाली. उरलेल्या अर्ध्यांकडे प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते जात; ते डॉक्टर नव्हते. ते काय करत? रोजच्या अडचणी एकेक करून सोडवायला शिकवत, झोपेची घडी बसवत, मधुमेहासारख्या आजारात स्वतःची काळजी कशी घ्यायची ते सांगत, आणि सरकारी योजनांचे लाभ मिळवायला मदत करत. वर्षाअखेरीस नेहमीच्या सेवेतल्या ९० पैकी १३ जणांना नैराश्याचा आजार झाला; कार्यकर्त्यांची सोबत मिळालेल्या ९१ पैकी फक्त चौघांना. हे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. मला त्यातली योजनांची गोष्ट फार पटली. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १५०० रुपये म्हाताऱ्या माणसाच्या हातात वेळेवर पडणं, हे त्याच्या मनाचंही औषध आहे. बँकेच्या दारात ‘आले का?’ विचारत उभी राहिलेली माय ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेत त्याहून पुढची गंमत झाली. तिथले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारे शहरातल्या एका वस्तीत चौदा आज्यांना हाताशी धरलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकला. त्यावर बसून या आज्या आल्यागेल्याचं ऐकून घेऊ लागल्या आणि मार्ग काढायला मदत करू लागल्या. त्यांच्या शोना भाषेत या दुखण्याला जो शब्द आहे, त्याचा अर्थ ‘फार विचार करणं’ असा होतो. आज्यांनी तोच शब्द वापरला, डॉक्टरी शब्द दूर ठेवला. २०१६ साली या कामाची शास्त्रीय कसोटी झाली आणि त्याचा गुण सिद्ध झाला. ज्या बायकांना आपण ‘बसून असतात’ म्हणतो, त्याच तिथे वैद्य झाल्या.

आमच्याकडे बाक नाहीत असं नाही. पार आहे, ओटा आहे, एसटी आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला, तेव्हा म्हातारे उगाच लातूरला जाऊन येतात म्हणून लोक हसले. हसण्यासारखं त्यात काय आहे? खिडकीशी बसून चाकूरपर्यंतची शिवारं पाहावीत, शेजारच्या पाव्हण्याशी बोलावं, संध्याकाळी परत यावं. मन हिंडतं राहायला आणखी काय लागतं? अहमदपूरचे शिवलिंग शिवाचार्य महाराज २०२० साली गेले तेव्हा शंभरी ओलांडलेले होते, आणि माणसांचा राबता त्यांच्याभोवती कायम असे. असा राबता लाखांत एखाद्याच्या नशिबी. बाकीच्यांना तो थोडा थोडा मुद्दाम घडवून द्यावा लागतो. घरातल्या म्हाताऱ्याला एक काम आणि एका निर्णयात मत, एवढ्यानेही सुरुवात होते.

मात्र आजार जडला असेल तर गप्पांवर भागणार नाही, हेही तितकंच स्पष्ट सांगतो. लातूरचं विलासराव देशमुख, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ आणि नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण या तिन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं तरी डॉक्टर सांगतील तोवर, बहुधा सहा महिने तरी, ते चालू ठेवावं लागतं. ही औषधं म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांचं व्यसन लागत नाही. केंद्र सरकारची १४४१६ ही ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. सत्तरीतला माणूस स्वतः हे क्रमांक फिरवील अशी आशा धरू नये. तो फिरवायचा घरातल्या तरुणाने. आणि ‘जगून काय करू’ असं कुणी बोललं, तर त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी फिरवायचा.

मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी २०१५ पासून ‘प्रेरणा प्रकल्प’ आला, तेव्हा आशाताई घरोघर जाऊन मनाची चौकशी करू शकतात हे दिसलं. तीच चौकशी साठीपुढच्या प्रत्येकाची व्हावी, एवढी मागणी आपल्या ग्रामसभांनी करायला हरकत नाही. तोवर घरची चौकशी घरच्यांनी करावी.

सणावाराला पुण्या-मुंबईची माणसं गावी येतील. आई-वडिलांसाठी कपडे आणतील, गोळ्यांचा डबा भरून ठेवतील, बीपीचं यंत्र दंडाला बांधतील. त्याच वेळी तीन साधे प्रश्न विचारावेत : जेवण जातंय का, झोप लागते का, करमतं का? पहिलं उत्तर ‘आम्हाला काय धाड भरलीय’ असंच येईल. ते ऐकून उठू नये. चहा सांगावा, बसून राहावं आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारावं.